आयव्हर पास्कोला बोलायची बंदी

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आयव्हर पास्को रिकामा बसेल, असं त्याच्या बायकोला, ग्लेनिसला, कधी वाटलं नव्हतं. पण तो अख्ख्या वारिगल क्रीक गावाची बागेची यंत्रं उघडून बसेल, हेही तिच्या ध्यानीमनी नव्हतं. जन्मभर फिटरचं काम केलेला माणूस. हातात पाना नसला की त्याला अंगात सदरा नसल्यासारखं व्हायचं. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने ठाण मांडलं आणि गावाने त्याला बघता बघता कामाला लावलं. नदीकाठच्या त्या भागात उन्हाळ्यात गवत असं माजतं की रविवारी कापावं आणि बुधवारी त्याने गुडघ्याशी लगट करावी. त्यामुळे गावात घरटी एक गवत कापायचा मोवर, आणि दर मोवरला काही ना काही दुखणं.

नुसतं दुरुस्त करून परत दिलं तर आयव्हरला चैन पडायचं नाही. प्रत्येक यंत्रात त्याची स्वतःची काहीतरी भर पडायचीच. एकाच्या मोवरचं हँडल त्याने उंच केलं, एकाच्या कुंपण छाटायच्या करवतीला लांब दांडा लावला, एकाच्या गवत छाटायच्या यंत्राचं संरक्षक कव्हरच काढून टाकलं, कारण ते म्हणे सारखं मध्ये यायचं.

"हे बनवणारे लोक कधी गवत कापत नाहीत," तो म्हणायचा. "कापलं असतं तर असलं बनवलं नसतं."

"आणि ते लाल अक्षरांत जे लिहिलंय?" ग्लेनिस विचारायची.

"लाल अक्षरं हल्ली टोस्टरवरही असतात."

त्यांच्या शेजारच्या घरात एव्हिस ट्रँटर राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी जनेल न्यूकॅसलला, आणि एव्हिस शाळेची बस चालवायची. बसमधल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांना आरशात न बघता नावाने दरडावायची तिची ख्याती होती. आवाज असा की ती तिच्या स्वयंपाकघरात फोनवर बोलली की आयव्हरला शेडमध्ये बातम्या कळायच्या. दोन्ही घरांचा तीस वर्षांचा शेजार. मधल्या कुंपणाची एक फळी मुद्दाम काढून ठेवलेली, भांडी आणि बातम्या इकडून तिकडे जायला बरी.

त्या वर्षी एव्हिसचे अंगठे संधिवाताने धरले. मोवरच्या मुठीजवळ एक दांडी असते. ती दाबून धरली तरच इंजिन चालतं, सोडली की बंद पडतं. एव्हिसला ती दांडी धरवेना. एक दिवस तिने मोवर ढकलत आणला आणि शेडच्या दारात उभा केला.

"आयव्हर, ह्या दांडीने माझा जीव घ्यायचं ठरवलंय. काहीतरी कर."

आयव्हरने केलं. दांडी पट्ट्याने करकचून बांधून टाकली आणि इंजिन बंद करायला वेगळं बटण बसवलं. एवढ्यावर तो थांबता तर बरं होतं. पण एव्हिसचं परस उताराचं, चढावर ढकलताना तिला धाप लागते, हे त्याच्या डोक्यात होतं. त्याच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या चारचाकी स्कूटरची एक जुनी मोटर पडून होती. ती त्याने मागच्या चाकांना जोडली. मोटर बसेना, म्हणून मागचा रबरी पडदा अर्धा कापून काढला. पाय पात्याखाली जाऊ नये म्हणून तो पडदा असतो, हे फिटर माणसाला सांगायला लागत नाही. त्याला ते माहीत होतं. त्याने मनाशी म्हटलं, एव्हिस काही लहान नाही.

मोवर आपणहून चढ चढायला लागला तेव्हा एव्हिस बाजूला उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

"अरे, हा तर माझ्या नवऱ्यापेक्षा गुणी निघाला! ढकलायला लागत नाही!"

"बूट घालत जा," आयव्हर म्हणाला.

"हो रे बाबा, घालते."

भर उन्हाळ्यात, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, ती रबरी सपाता घालून गवत कापत होती. पहाटे सर येऊन गेलेली, गवत ओलं. तेवढ्यात एक रानटर्की, कोंबडीहून मोठा तो पक्षी, तिच्या डेलियाच्या वाफ्यात शिरून माती उकरायला लागली. एव्हिसने मोवर सोडला आणि तिच्यावर धावली. मोवर आपला चालतच राहिला, झाडाच्या बुंध्याला थडकून वळला आणि उतारावरून खाली निघाला. त्याला धरायला एव्हिस मागून धावली, हँडल पकडलं, आणि सपात ओल्या गवतावरून घसरली. पाय मागून सरळ आत गेला.

आयव्हरने आधी किंकाळी ऐकली. मग शिव्या ऐकल्या, आणि त्या ऐकून त्याला जरा धीर आला. कुंपणाच्या फटीतून तो कसा गेला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने बटण दाबलं, सदरा काढून पाय गच्च बांधला. एव्हिसचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आयव्हर," ती म्हणाली, "ती टर्की गेली का बघ."

"गेली."

"डेलिया?"

"गप पड गं."

डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. डॉक्टर म्हणाले की पाय वाचला हेच नशीब, पण बरं व्हायला बरेच महिने लागतील, तोल सांभाळायला नव्याने शिकावं लागेल आणि तोवर बस चालवायचं नाव काढायचं नाही.

जनेल न्यूकॅसलहून आली ती तडक पास्कोंच्या दारात. उंच, सरळ पाठीची, बोलण्यात आडपडदा नाही. चहा नको म्हणाली, मग घेतला.

"आयव्हर, मी भांडायला आलेली नाही. आईचा पगार बंद झालाय आणि पायावर अजून एकदा शस्त्रक्रिया आहे. मोवर बनवणाऱ्या कंपनीला विचारलं. ते म्हणतात, आम्ही विकला तो मोवर हा नव्हेच. तुमच्या घराचा जो विमा आहे, त्यात तुमच्या हातून कुणाला इजा झाली तर भरपाई आहे. पण ती मिळायला आईला तुमच्यावर दावा लावावा लागेल."

"मग लाव ना!" आयव्हर ताडकन उठला. "लावच! मी सगळं कबूल करतो!"

जनेलने बावचळून ग्लेनिसकडे बघितलं. "असं पहिल्यांदाच कुणी म्हणतंय."

दुसऱ्या दिवशी आयव्हरने विमा कंपनीला स्वतःहून फोन केला. तिकडून लॉर्न फेनविक नावाचे कंपनीचे वकील फोनवर आले. आवाज गोड, पण फ्रिजमधून काढल्यासारखा.

"नमस्कार, मी आयव्हर पास्को. ते सगळं मीच—"

"मिस्टर पास्को, थांबा. पुढचा शब्द काढू नका."

"पण मीच तर—"

"थांबा म्हटलं ना. नीट ऐका. मिसेस ट्रँटरशी ह्या विषयावर बोलायचं नाही. माफी मागायची नाही. चूक माझी, असं कुणाजवळ म्हणायचं नाही. तुम्ही कबुली देऊन बसलात तर कंपनीने भरपाई अंगावर घ्यायची की नाही, हा प्रश्न उभा राहील. मग त्या बाईंनाच काही मिळायचं नाही. कळतंय ना?"

आयव्हरला तेवढंच कळलं: आपण तोंड उघडलं तर एव्हिसचं नुकसान होईल. त्याने तोंड मिटलं.

फेनविक एकदा घरीही येऊन गेले. मोवर ताब्यात घेतला, शेडचे फोटो काढले आणि मग स्वयंपाकघरात बसून त्यांनी विचारलं, "गावातल्या लोकांची यंत्रं तुम्ही दुरुस्त करता. हा धंदा आहे का? धंदा असेल तर घराच्या विम्यात बसत नाही."

"धंदा कसला? मी कुणाकडून काही घेत नाही."

"काहीच नाही?"

आयव्हर घुटमळला. खोटं त्याला जमत नसे. "एव्हिसने घरी भाजलेले भोपळ्याचे पाव, ते स्कोन, दिले होते."

फेनविकनी पेन उचललं. "म्हणजे मोबदला."

"स्कोन मोबदला कसा होईल?"

"किती होते?"

"अहो साहेब," ग्लेनिस ओट्याशी उभी होती ती वळली, "आमच्यात कुणी स्कोन परत करत नाही, पण ते स्कोन खाल्ले असते तर तुम्ही मोबदला म्हणाला नसतात. एव्हिसचा हात बस चालवण्यात आहे, ओव्हनमध्ये नाही. आमच्या कोंबड्यांनीही खायच्या आधी विचार केला."

फेनविकनी पेन खाली ठेवलं. जाताना त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, असं ग्लेनिस नंतर शपथेवर सांगायची.

एव्हिस हॉस्पिटलातून घरी आली ती काठी घेऊन. दोन दिवस दम धरला, तिसऱ्या दिवशी लंगडत कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"आयव्हर! ए आयव्हर! जिवंत आहेस का?"

आयव्हर पाण्याच्या टाकीपाशी होता. तो टाकीच्या मागे सरकला आणि तिथेच श्वास धरून उभा राहिला. एव्हिसला त्याची टोपी दिसत होती. ती थोडा वेळ थांबली, मग काही न बोलता परत गेली. एव्हिस काही न बोलता गेली, हे त्या कुंपणाने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

असं होत राहिलं. ती दुकानात दिसली की हा दुसऱ्या रांगेत. ती फाटकाशी असली की हा मागच्या दाराने बाहेर. ग्लेनिस जायची, भाजी देऊन यायची, पण जनेलने आईच्या वतीने लावलेल्या दाव्याचा विषय आला की दोघींच्याही बोलण्याला खीळ बसायची.

एक दिवस ग्लेनिसचा संयम सुटला.

"वकील म्हणाला बोलू नकोस. हात हलवू नकोस असं म्हणाला?"

"एकदा हात हलवला की ती बोलेल. ती बोलली की मी बोलेन."

"खोटं. तुला तिच्या पायाकडे बघवत नाही. त्या फेनविकने तुला लपायला आयती जागा करून दिली आणि तू तिथे मजेत बसलायस."

आयव्हर उठला. शेडमध्ये जाऊन बसला. बायकोचं बोलणं आतपर्यंत गेलं होतं, कारण ते खरं होतं. समोरच्या फळीवर त्याने वेगवेगळ्या यंत्रांची काढलेली कव्हरं, पडदे, कड्या ओळीने टांगून ठेवल्या होत्या. कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. त्यांच्याकडे बघता बघता एकेक यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं. ही सगळी गावात कुणाच्या ना कुणाच्या हातातली, पायाजवळची.

त्याने ती सगळी खोक्यात भरली, पान्यांची पेटी घेतली आणि निघाला.

पहिलं घर बर्ट्राम लीचचं. बर्ट्राम ऐंशीच्या पुढचा, आणि त्याचं गवत छाटायचं यंत्र म्हणजे त्याचा प्राण.

"कव्हर परत बसवायला आलोय," आयव्हर म्हणाला.

"हात लावून बघ."

"बर्ट्राम, खडा उडून डोळ्यात जाईल."

"इतकी वर्षं गेला नाही तो आता जाणार? तूच म्हणालास कव्हर म्हणजे नुसती अडगळ!"

"मी गाढव होतो."

"ते गावाला माहीत आहे. पण यंत्र चांगलं चालतंय!"

शेवटी बर्ट्रामची बायको बाहेर आली. तिने यंत्र नवऱ्याच्या हातातून काढून आयव्हरकडे दिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुझा एक डोळा आधीच कामातून गेलाय. दुसरा मला हवाय, गाडी चालवायला कुणी नाही." बर्ट्राम पायरीवर बसून पोराचे केस कापताना बापाने बघावं तसा बघत राहिला.

असं घरोघर. कुणी हसलं, कुणी कुरकुरलं, एकाने तर आयव्हरला बघून मोवर मोटारीखाली लपवला. पण आठवडा संपायच्या आत खोकं रिकामं झालं. गावात ही बातमी फिरायला वेळ लागला नाही, आणि ती फेनविकपर्यंतही पोचली.

"मिस्टर पास्को, हे काय ऐकतोय मी? तुम्ही सगळी यंत्रं पूर्ववत करत सुटलाय? ह्याचा अर्थ ती धोकादायक होती असं तुम्ही मान्य करताय."

"धोकादायक होतीच."

तिकडे पेन टेबलावर पडल्याचा आवाज आला.

"हे मी ऐकलं नाही," फेनविक म्हणाले.

"परत सांगू?"

"नको!"

फोन ठेवल्यावर आयव्हरला कितीतरी दिवसांनी हसू आलं. त्याला एवढं कळलं होतं की बंदी मोडली तरी आभाळ कोसळत नाही.

कोर्टात उभं राहण्याआधी दोन्ही बाजूंनी एकदा समोरासमोर बसावं, असं ठरलं. एव्हिसच्या वकील थिया माव्रोस ह्यांचं ऑफिस तालुक्याच्या गावी होतं. लांब टेबल, खिडकीबाहेर जांभळ्या फुलांचा जॅकरांडा, मधोमध बिस्किटांची बशी. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई बसल्या होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. एका बाजूला एव्हिस, जनेल आणि थिया. दुसऱ्या बाजूला आयव्हर, ग्लेनिस आणि फेनविक. एव्हिसने केस कापून घेतले होते आणि ती बारीक दिसत होती. आयव्हर टेबलाच्या लाकडातल्या रेघा बघत बसला.

"इथे जे बोललं जाईल ते ह्या खोलीतच राहील," मध्यस्थ बाई म्हणाल्या. "बाहेर कोर्टात कुणी ते कुणाविरुद्ध काढायचं नाही. मिस्टर फेनविक, बोला."

फेनविकनी शांतपणे मांडलं. दांडी बांधायला बाईंनीच सांगितलं होतं. चालता मोवर सोडून जाणं धोक्याचं, हे कुणालाही कळतं. पायात रबरी सपाता होत्या. तेव्हा झाल्या प्रकारात बाईंचा स्वतःचा वाटा मोठा आहे.

थियांनी तितक्याच शांतपणे उत्तर दिलं. आयव्हर पास्को हे अनुभवी फिटर. त्यांनी मोवर आपणहून चालेल असा केला, तो आपणहून थांबायची सोय काढून टाकली, आणि पाय आत जाऊ नये म्हणून असलेला पडदा कापला. सपातांनी मोवर चालवला नव्हता.

दोघे असे बराच वेळ बोलत राहिले. बिस्किटांना कुणी हात लावला नाही. मग एकाएकी एव्हिसने काठी जमिनीवर आपटली.

"मी बोलू का? माझी बोटं गेली, ती काही कुणी परत आणत नाही. करंगळीचा मला तसा फारसा उपयोगही नव्हता. पैशाचं तुम्ही वकील बघा. मला एकच विचारायचंय. तीस वर्षं मी ह्या माणसाच्या शेजारी राहिले. माझा नवरा गेला तेव्हा कबरीपाशी माझा हात धरून हा उभा होता. आणि मी काठी टेकत कुंपणाशी आले तर हा पाण्याच्या टाकीमागे लपतो? बोलायची बंदी असेल, मला थियाने सांगितलंय. पण आयव्हर, तुझी टोपी दिसत होती रे, गाढवा!"

आयव्हरने फेनविककडे बघितलं. फेनविकनी हळूच मान नकारार्थी हलवली.

"एक मिनिट," थिया म्हणाल्या. "मिस्टर फेनविक, आपल्या राज्याच्या कायद्यात माफी मागणं म्हणजे दोष कबूल करणं असं धरत नाहीत. बरोबर?"

फेनविक नाइलाजाने म्हणाले, "बरोबर."

"आणि नंतर यंत्रं सुधारून दिली, एवढ्यावरून दोष शाबित होत नाही. तेही बरोबर?"

"बरोबर."

आयव्हर खुर्चीतून अर्धवट उठला. "म्हणजे मी सॉरी म्हणू शकत होतो? पहिल्या दिवसापासून?"

"कायद्याने म्हणू शकत होतात," फेनविक म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "पण लोक सॉरीवर थांबत नाहीत, मिस्टर पास्को. पुढे बोलत जातात. म्हणून आम्ही आपली सावधगिरी बाळगतो."

"तुमची ती सावधगिरी घाला चुलीत," ग्लेनिस म्हणाली, आणि मध्यस्थ बाईंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आयव्हर आता पुरता उभा राहिला. टोपी हातात घेऊन चुरगाळत होता.

"एव्हिस, सॉरी. दांडी बांधली ते तुझ्या देखत बांधली. पण पडदा कापला ते तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ग्लेनिसच्या कानावर गेलं असतं, आणि तिने मोवर घरात अडकवून ठेवला असता. मला तो चालताना बघायचा होता. तू टाळ्या वाजवल्यास तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मग सांगायचं राहूनच गेलं. आणि टाकीमागे लपलो ते ह्या वकिलांमुळे नाही. तुझा पाय बघायची हिंमत नव्हती."

फेनविकनी कपाळावर हात ठेवला. "बघा," ते पुटपुटले, "सॉरीवर थांबत नाहीत."

एव्हिसचे डोळे भरून आले होते, पण तिचं तोंड कधी डोळ्यांच्या स्वाधीन झालं नव्हतं.

"बूट मागच्या दारात होते," ती म्हणाली. "त्यात विषारी कोळी असेल म्हणून झटकायचा कंटाळा केला. तू बजावलं होतंस बूट घाल म्हणून. आणि चालता मोवर टाकून टर्कीच्या मागे धावायला मला कुणी सांगितलं नव्हतं."

फेनविकचा हात कपाळावरून निघून पेनाकडे गेला.

"आई!" जनेल ओरडली. "आपण कोणत्या बाजूला आहोत?"

"खऱ्याच्या. गप बस."

"चूक माझी आहे," आयव्हर म्हणाला.

"तुझी आहेच, पण सगळी नाही. सगळं श्रेय घ्यायची तुला सवयच आहे."

"मी फिटर आहे, एव्हिस! मला कळायला हवं होतं!"

"आणि मी जन्मभर पोरांना बसमध्ये खाली बसा, हात आत घ्या म्हणून ओरडले. मला नको होतं कळायला?"

मध्यस्थ बाईंनी चष्मा काढला. "इतकी वर्षं ह्या खुर्चीत बसले," त्या म्हणाल्या, "पण दोन्ही पक्षांना जरा स्वतःची बाजू घ्या हो, अशी विनंती करायची वेळ आज पहिल्यांदा आली." आणि त्यांनी बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढली.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. दोन्ही वकील शेजारच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा थियांचा चेहरा समाधानी होता आणि फेनविकचा सुटल्यासारखा. जबाबदारी मुख्यतः आयव्हरची धरली, म्हणजे भरपाई विमा कंपनीने द्यायची. सपातांपायी त्यातला थोडा भाग कापला गेला. जनेलला तो कमी कापला जायला हवा होता. एव्हिस म्हणाली, "कोळ्याला घाबरल्याचा दंड आहे तो. मला पटतोय." शस्त्रक्रियेचा खर्च आणि बुडालेला पगार निघत होता, पुढेही काही काळ तिला ओढाताण पडणार नव्हती. तिने सही केली.

खाली रस्त्यावर फेनविक आयव्हरपाशी थांबले. त्यांनी हात पुढे केला.

"मिस्टर पास्को, माझ्या हाताखालून खूप माणसं गेली. तुमच्याइतकं कुणी छळलं नाही."

"सॉरी," आयव्हर म्हणाला, आणि फेनविक पहिल्यांदाच मोकळं हसले.

जनेलने गाडीचं दार उघडून धरलं होतं. एव्हिस तिच्याकडे गेली नाही. काठी टेकत ती पास्कोंच्या गाडीशी आली, पुढचं दार उघडून बसली आणि काठी मागच्या सीटवर ग्लेनिसच्या मांडीवर टाकली.

"तू ये मागून," तिने मुलीला सांगितलं. "मला ह्याच्याशी बोलायचंय."

"तासाभराचा रस्ता आहे, आई."

"पुरायचा नाही."

गाव मागे पडलं, उसाचे मळे लागले. आयव्हर हळू चालवत होता. कुठून सुरू करावं हे दोघांनाही सुचत नव्हतं. मग एव्हिसने वाकून डाव्या पायाचा बूट काढला, मोजा काढला.

"बघ," ती म्हणाली.

आयव्हरने गाडी कडेला घेतली, थांबवली आणि बघितलं. नीट, वेळ घेऊन बघितलं. जखम भरून आली होती, कातडी गुलाबी आणि तकतकीत दिसत होती.

"दुखतं?"

"थंडीत. आणि गंमत सांगू का, जे बोट नाही ते खाजतं. मध्यरात्री खाजतं, आणि खाजवायला जावं तर तिथे काही नाही. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिचं तर—"

आणि मग तिचं बोलणं सुरू झालं ते धरण फुटल्यासारखं. शेजारच्या खाटेवरची बाई, तिचे दोन नवरे, जे एकाच वेळी भेटायला आले, चालायला शिकवणारा तो पोरगेला फिजिओ, ज्याला एव्हिसने लहानपणी बसमधून खाली उतरवलं होतं, हॉस्पिटलची जेली. आयव्हरने गाडी परत रस्त्यावर घेतली आणि मध्ये मध्ये आपलं घुसवत राहिला. बर्ट्राम पायरीवर कसा बसला होता, कुणी मोवर मोटारीखाली लपवला, फोनवर फेनविक कसे किंचाळले. एव्हिस हसून हसून डॅशबोर्डवर हात आपटायची आणि म्हणायची, "थांब, थांब, आधी माझं ऐक," आणि आयव्हर म्हणायचा, "माझं संपू दे," आणि कुणाचंच संपत नव्हतं.

"चहाला थांबू या का?" ग्लेनिसने मागून विचारलं. कुणी ऐकलं नाही. थोड्या वेळाने तिने परत विचारलं, मग नाद सोडला, काठी बाजूला ठेवली आणि डोळे मिटले.

मागून जनेल हॉर्न वाजवत होती, दिवे मारत होती. वारिगल क्रीकचा फाटा केव्हाच मागे गेला होता. नदीवरचा पूल आला, समोर पाण्यावर होड्या दिसायला लागल्या, तेव्हा कुठे आयव्हर म्हणाला, "अरेच्चा, आपण समुद्राकडे चाललोय."

"मग चल," एव्हिस म्हणाली, पाय डॅशबोर्डवर टेकवत. "तर मी काय सांगत होते, ते दोन नवरे..."